गोठ्याचं पाणी, सड्याखालची विहीर आणि चार महिने पाऊस

सड्यावरचा | १९ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज पहिला धागा काढतोय, कारण घरात रोज याच विषयावर वाद होतो आणि मला वाटच दिसत नाहीये.

आमचं घर राजापूर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर. पाच वर्षांपूर्वी मुंबई सोडून गावी आलो. सहा गाई आहेत, सगळ्या संकरित. शिवाय दोन खोल्या पर्यटकांना देतो. गोठा वरच्या अंगाला, विहीर खालच्या अंगाला, मध्ये जेमतेम चाळीस फूट. विहिरीच्या खाली भावकीतल्या काकूंचं घर आणि त्यांची विहीर.

गोठा रोज दोनदा पाइप लावून धुतो. ते पाणी चरातून खालच्या केळींत जातं. उन्हाळ्यात काही वाटत नाही. यंदा श्रावणात मात्र विहिरीच्या पाण्याला वास आला. नमुना प्रयोगशाळेत दिला. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, सापडले आणि नायट्रेट लिटरला ६२ मिलिग्रॅम निघालं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे.

बाबांचं म्हणणं, "शेण कधी घाण असतं का? आपण त्याने घर सारवतो." काकू काही बोलल्या नाहीत, पण त्या आता नळाची वाट बघत बसतात, आणि ते बघून मला रात्री झोप लागत नाही.

गोठ्याचं पाणी आणि पाहुण्यांच्या न्हाणीचं पाणी यावर घरगुती पातळीवर करता येईल अशी जैविक प्रक्रिया कोणी केली आहे का? जागा सात गुंठे, जमीन जांभा, मातीचा थर हातभर.

पोफळीची_बाग | १९ सप्टेंबर

आमच्याकडे गुहागरात सगळं पाणी पोफळींना. कधी त्रास झाला नाही. पण आमच्या दोनच गाई, त्याही गावठी, आणि वाडी सखल आहे. माती पुरुषभर खोल. तुमच्यासारखा कातळ नाही.

मालवणी_खाजा | १९ सप्टेंबर

माझ्या आजयेन जलमभर न्हाणयेचां पाणी माडाच्या आळ्यात सोडल्यान. माड अजून धरता!

गावठी_अभियंता | २० सप्टेंबर

आजींचं बरोबर होतं, कारण आजींची न्हाणी दिवसाला दोन घागरींची होती. सड्यावरचा, तुमचं गणित वेगळं आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी पाण्याची घाण मोजायची कशी ते बघू. जिवाणूंना पाण्यातली घाण खायला किती ऑक्सिजन लागतो, त्याला बीओडी म्हणतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. गाईच्या शेण-मुताच्या काल्याचा १०,००० ते २०,०००. म्हणजे साधारण पन्नास पट. दूध सांडून गटारात गेलं तर त्याचा लाखाच्या वर जातो, म्हणून भांडी विसळलेलं पहिलं पाणी गुरांनाच पाजा. बाबांना सांगा की शेण घाण नाहीच. सारवलेल्या अंगणात ते पातळ थरात असतं, हवा लागते, दोन तासांत सुकतं. तेच विहिरीच्या डोक्यावर रोज शेकडो लिटर ओतलं तर त्याला ना हवा मिळते ना वेळ.

आता जांभा. चिरा हातात घेऊन बघा, भोकंच भोकं. माती पाणी गाळते ती बारीक कणांमुळे आणि त्यांवर राहणाऱ्या जिवाणूंमुळे. जांभ्याच्या भेगांतून पाणी गाळलं न जाताच खाली उतरतं. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब असावा असं भारतीय मानक सांगतं, आणि भेगाळ दगडात तेही कमी पडतं. तुमच्याकडे चाळीस फूट, तोही उतारावर.

आणि तिसरं, जे कोकणात सगळे विसरतात, ते म्हणजे पाऊस. गोठ्याचा पत्रा आणि समोरचं उघडं खळं मिळून किती चौरस मीटर होईल?

सड्यावरचा | २० सप्टेंबर

पत्रा ८०, खळं ६०. पत्र्याचं पाणी खळ्यातच पडतं आणि त्याच चरातून जातं.

गावठी_अभियंता | २० सप्टेंबर

१४० चौरस मीटर. पावसाळ्यात तीन मीटर पाऊस धरा, आपल्याकडे तो पडतोच. ४२० घनमीटर झाले, म्हणजे चार लाख वीस हजार लिटर. तुमच्या सहा गाईंचं शेण-मूत दिवसाला दीडशे लिटर धरलं तर चार महिन्यांत १८,००० लिटर. त्या १८,००० लिटरना तुम्ही सव्वाचार लाख लिटर पाण्यात कालवून विहिरीकडे पाठवताय.

कुठलीही प्रक्रिया त्या सव्वाचार लाख लिटरवर करता येणार नाही. १८,००० लिटरवर करता येईल. म्हणून प्रक्रियेच्या आधी पन्हळ लावा. पत्र्याचं पाणी वेगळ्या चरातून थेट व्हाळाला (ओढ्याला), खळ्यावर छप्पर, आणि गोठ्याच्या वरच्या बाजूने बांध, म्हणजे सड्यावरून वाहून येणारं पाणी आत शिरणार नाही. आणि गोठा पाइपाने धुणं बंद. आधी खराट्याने, फावड्याने शेण कोरडं उचला, मग बादलीभर पाणी मारा.

घाटमाथा | २० सप्टेंबर

इतकं कशाला? आता छोटे तयार प्लांट मिळतात. टाकी, हवा मारायचा ब्लोअर, झालं. पर्यटक ठेवताय म्हणजे उद्या तसंही काहीतरी लागणारच. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत चालतो की.

गावठी_अभियंता | २१ सप्टेंबर

@घाटमाथा, सोसायटीचं सांडपाणी पातळ असतं आणि तिथे माणूस नेमलेला असतो. इथे शेण-मूत आणि धुवायचं मिळून रोज ३०० लिटर पाणी, त्याचा बीओडी गोबरगॅसमधून निघाल्यावरही ५,००० धरा. म्हणजे रोज दीड किलो घाण. तिला साधारण तेवढाच ऑक्सिजन लागतो, आणि छोटा ब्लोअर एका युनिट विजेत फार तर किलो-दीड किलो विरघळवतो. विजेचा खर्च परवडेलही. पण जुलैत आमच्याकडे झाड पडलं की दोन दिवस वीज नसते. हवा थांबली की हवेवर जगणारे जिवाणू काही तासांतच मान टाकतात आणि टाकी सडायला लागते. उलट हवेशिवाय जगणाऱ्या, म्हणजे गोबरगॅसमधल्या, जिवाणूंना वीज लागत नाही, उकाडा मात्र हवा असतो. तो आपल्याकडे बारा महिने फुकट. कोकणात पहिला मान त्यांना द्या, असं माझं ठाम मत आहे.

घाटमाथा | २१ सप्टेंबर

विजेचा मुद्दा मान्य. पण पाहुण्यांच्या संडासाचं काय? ते गोठ्याच्या पाण्यात मिसळणार का?

गावठी_अभियंता | २१ सप्टेंबर

नाही. ते सेप्टिक टँकलाच, आणि त्याचा शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, काकूंच्या विहिरीपासूनही तेवढाच लांब. तीन पाणी, तीन वाटा: संडास, न्हाणी-मोरी, गोठा. एकत्र केलंत की सगळंच संडासाचं पाणी होतं.

खाडीकाठ | २१ सप्टेंबर

"पत्र्याचं पाणी व्हाळाला" ठीक आहे, पण कृपा करून गोठ्याचं पाणी कोणी व्हाळाला सोडू नका. मी खाडीच्या मुखाशी राहते. आमच्या बायका तिसऱ्या आणि कालवं काढून घर चालवतात. ही शिंपली पाणी गाळूनच जगतात, त्यामुळे वरून आलेले जंतू त्यांच्या पोटात साठतात. व्हाळ उन्हाळ्यात बारीक झाला की वरच्या वाडीतून आलेल्या शेणपाण्याने डबक्यातले मासे वर येऊन तोंड उघडतात, हे मी लहानपणापासून बघतेय. वर राहणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून सांगितलं.

पोफळीची_बाग | २१ सप्टेंबर

खाडीकाठताई, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमचा जास्तीचा चर व्हाळालाच जातो. उद्या बघते.

गोबरगॅसवाली | २२ सप्टेंबर

आमच्याकडे लांजा भागात एकवीस वर्षं गोबरगॅस चालू आहे, म्हणून लिहिते.

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, त्यात तेवढंच पाणी. तुमच्या सहा गाईंचं ९० किलो शेण सहज होईल, म्हणजे तीन किंवा चार घनमीटरचं बसेल. घनमीटरभर गॅस म्हणजे साधारण ४०० ते ४५० ग्रॅम एलपीजी. पाहुण्यांचा चहा-नाश्ता त्यावर निघेल. शेण आत चाळीस ते पन्नास दिवस मुरतं. आत दोन जातींची कामं चालतात. एक गट शेण फोडून त्याची आम्लं करतो, दुसरा ती आम्लं खाऊन मिथेन सोडतो. दुसरा गट हळवा आहे. एकदम जास्त शेण घातलं की पहिला गट पुढे पळतो, आत आंबट होतं आणि गॅस बंद. मग सासूबाई म्हणायच्या, "त्याचं पोट बिघडलंय, चार दिवस लंघन द्या." आणि खरंच तेच औषध.

फिनेल, ब्लीचिंग, साबणाचं पाणी यातलं काही त्यात जाता कामा नये. आमच्याकडे नव्या गड्याने एकदा गोठा फिनेलने धुतला आणि ते पाणी आत सोडलं. तीन आठवडे चूल पेटवली.

कुठलं बांधायचं? लोखंडी तरंगत्या टोपीचं जुनं मॉडेल खाऱ्या हवेत गंजतं, आमची पहिली टोपी तशीच गेली. आता जमिनीखाली घुमट असलेलं दीनबंधू आहे. हे मॉडेल १९८४ मध्ये आलं, त्यात लोखंड जवळजवळ नाहीच. फक्त खोदाई आधी बघा. कातळ लागला तर खड्ड्याचाच खर्च मोठा. आणि पावसाळ्यात जिथे पाणी वर येतं तिथे बांधू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोबरगॅस म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं नाही. गॅस निघतो तो कार्बनचा. नत्र जवळपास सगळं संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या रबडीतच राहतं, उलट झाडाला पटकन लागेल अशा रूपात येतं. जमिनीत त्याच नत्राचं नायट्रेट होतं, म्हणजे ती रबडी चरातून सोडलीत तर तुमचं नायट्रेट ६२ वरून खाली येणार नाहीच. जंतू कमी होतात, संपत नाहीत. रबडी कुठे जाणार हे आधी ठरवा, मग खड्डा खणा.

कातळशिल्प | २२ सप्टेंबर

मग रबडी पावसात ठेवायची कुठे? शेतात पाणी उभं असताना घालून उपयोग काय, वाहूनच जाणार.

गोबरगॅसवाली | २२ सप्टेंबर

पातेरा! आंबा-काजूचा पातेरा आपण होळीपर्यंत झाडून जाळतो. आम्ही तो मांगरात भरून ठेवतो. पावसाळ्यात छपराखालच्या खड्ड्यात एक थर पातेरा, त्यावर रबडी, परत पातेरा. कोरडा पाला ओलं पिऊन घेतो, नत्र पाल्याच्या कार्बनशी बांधलं जातं, दिवाळीपर्यंत काळं भुसभुशीत खत. पातेरा पुरला पाहिजे हीच अट. आम्ही मार्चपासून शेजाऱ्यांकडचाही गोळा करतो, ते खूश, आम्ही खूश. कोरड्या दिवसांत रबडी थेट नेपियर गवताला. ते खादाड गवत आहे, नत्र ओढून घेतं आणि परत गाईच्याच पोटात जातं.

आंबेवाला | २२ सप्टेंबर

एक विनंती. रबडी उरली म्हणून ऑक्टोबरनंतर हापूसला घालू नका. नत्राने झाड पालवीत जातं, मोहोर येत नाही. माझ्या मेव्हण्याने एका वर्षी केलं, अख्खी बाग तांबूस पालवीने सुंदर दिसत होती आणि फळ हातात मोजण्याइतकं.

मालवणी_खाजा | २२ सप्टेंबर

गाई कमी केल्या तर? कोकण कपिला ठेवा. लहानखुरी, चरून येणारी, शेण निम्म्याहून कमी, पाऊस सोसणारी. आपल्या मातीची जात आहे आणि आता तिची नोंदही झाली आहे.

सड्यावरचा | २२ सप्टेंबर

खाजाभाऊ, मनातलं बोललात. पण दुधाचा हप्ता संकरित गाईच भरतात. एक कपिला मात्र आईसाठी आणायचीच आहे.

चिरेबंदी | २३ सप्टेंबर

मी उलट अनुभव सांगतो, पैसे वाचतील. आम्हाला एकाने "जिवाणूंची पावडर" विकली. महिन्याला पाकीट, टाकीत टाका, पाणी काचेसारखं. वर्षभर टाकली. पाणी तसंच. नंतर कळलं की शेणात स्वतःचेच जिवाणू अब्जावधी असतात. त्यांना राहायला जागा, वेळ आणि योग्य हवा द्यायची, ते आपलं काम करतात. पाकिटातून ते आणायचे नसतात.

गावची_नर्स | २३ सप्टेंबर

दोन गोष्टी आरोग्याच्या, कृपया सगळ्यांनी वाचा.

एक, नायट्रेट असलेलं पाणी उकळून उपयोग नाही. जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि नायट्रेट आणखी दाट होतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरनेही ते जात नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध या पाण्यात कालवू नका. बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, अंग निळसर पडतं. घरी किंवा शेजारी तान्हं बाळ असेल तर आजच सांगा.

दोन, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू. जनावरांच्या आणि उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो, पायाच्या कातरलेल्या जखमेतून शरीरात शिरतो. साचलेल्या गोठ्याच्या पाण्यात अनवाणी उभं राहू नका. गमबूट घाला. ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर अंगावर काढू नका, सरळ दवाखान्यात या.

आणि दरवेळी प्रयोगशाळेत धावायला नको. गावात पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण दिलेलं असतं, त्यांच्याकडे संच असतो. जंतूंसाठी छोटी बाटली असते. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाणी दूषित. जलसुरक्षकांना विचारा.

कातळशिल्प | २३ सप्टेंबर

आणि खड्ड्यात कोणी उतरू नका. आमच्या वाडीत बंद पडलेल्या संयंत्राचा गाळ काढायला काका शिडीवरून उतरले. खाली पोचायच्या आधीच हात सुटला. वरून दोरी बांधलेली होती म्हणून ओढून काढलं, नाहीतर त्यांच्या मागे उतरायला त्यांचा मुलगा तयारच होता. आतला सडक्या अंड्याच्या वासाचा वायू हवेहून जड, तळाशी बसतो, आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. "वास नाही म्हणजे सुरक्षित" हे अगदी चुकीचं. सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला तर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. उपसा पंपाने करा.

देवगडची_सून | २४ सप्टेंबर

न्हाणी-मोरीच्या पाण्याबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी.

आमच्याकडे आठ माणसांची राहायची सोय आहे. आम्ही खडीचा वाफा केला, वर कर्दळ. १२ चौरस मीटर, खोली दोन फूट, तळाला आणि बाजूंना शेततळ्याचा जाड प्लास्टिक कागद, कारण जांभ्यात कागद नसेल तर पाणी वाफ्याच्या शेवटापर्यंत पोचतच नाही. कागदावर आधी वाळूचा थर, नाहीतर खडीने भोक पडतं. पाणी एका टोकाला आत येतं, खडीच्या पोटातून जातं, दुसऱ्या टोकाला बाहेर. पाणी वर दिसत नाही, म्हणून डासही नाहीत. गणित असं की वाफ्याचं पोट ७.२ घनमीटर, त्यात पोकळी साधारण ४० टक्के, म्हणजे २,८०० लिटरच्या आसपास. रोज ८०० लिटर येतं, म्हणजे पाणी साडेतीन दिवस आत राहतं. तेवढ्यात खडीवर वाढलेले जिवाणू साबणाची, अन्नाची घाण खातात. बाहेरचं पाणी माडांना.

पहिल्या वर्षी वाफा तुंबला. कारण आमचंच, तळलेल्या सुरमईचं तेल आणि मासे धुतलेलं पाणी थेट जात होतं. आता मोरीच्या तोंडाशी तेल अडवायची टाकी आहे. दर शनिवारी वरचा थर काढायचा, खवले चाळणीत अडवायचे. हे केलं नाही तर काहीच चालत नाही. आणि गोठ्याचं पाणी यात कधीच नको, महिनाभरात खडी शेणाने लिंपेल.

पोफळीची_बाग | २४ सप्टेंबर

ताई, कर्दळीच्या जागी अळू चालेल? फदफद्याची सोय होईल.

देवगडची_सून | २४ सप्टेंबर

अळू जोमाने येतं खरं, मोह मलाही झाला होता. पण तोडताना, धुताना ते पाणी हाताला लागतं, पोरं घरात असतात. खायचं अळू वेगळ्या वाफ्यात, इथे कर्दळ. पाहुणे फुलांचे फोटो काढतात. खाली काय आहे ते मी त्यांना नाश्ता झाल्यावर सांगते.

घाटमाथा | २४ सप्टेंबर

वाफ्यावर पडणाऱ्या पावसाचं काय? १०० मिलिमीटरच्या दिवशी १,२०० लिटर पडतील. रोजच्या पाण्याहून जास्त.

देवगडची_सून | २४ सप्टेंबर

बरोबर. त्या दिवशी पाणी भरभर निघून जातं, स्वच्छता कमी होते. आम्ही कडेने चिऱ्याची वीतभर भिंत घातली, म्हणजे निदान अंगणाचं पाणी आत येत नाही. वरून पडेल ते पडेल. बाहेरचं पाणी माडांखाली पसरेल अशी सोय ठेवलीये, विहिरीच्या उलट दिशेला.

सड्यावरचा | २५ सप्टेंबर

सगळ्यांचे आभार. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. सव्वाचार लाख लिटरवर ते गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्या लहानपणी गोठा धूत नव्हतोच. पातेरा अंथरायचो, ओला झाला की उकिरड्यात." म्हणजे अर्धं उत्तर घरातच होतं. पन्हळीपासून सुरुवात करतोय.

सड्यावरचा | ६ सप्टेंबर, पुढचं वर्ष

धागा वर काढतोय.

पन्हळ, खळ्यावर पत्रा आणि वरचा बांध जानेवारीत झाले. गोठा आता कोरडा झाडतो, गाईंखाली पातेरा. धुवायचं पाणी निम्म्याहून कमी झालं. दीनबंधू बांधायचा होता, पण पाच फुटांवर अखंड कातळ लागला. शेवटी गोठ्याच्या पलीकडे, विहिरीपासून दूर जागा निवडली, त्यात पावसाळा तोंडावर आला, काम अर्धवट आहे. म्हणून यंदा सगळं शेण छपराखाली पातेऱ्यात. बाबाच ते बघतात, कोणाला हात लावू देत नाहीत. कर्दळीचा वाफा चालू आहे, तेलाची टाकी दोनदा विसरलो, दोनदा वास आला.

ऑगस्टमध्ये बाटलीची तपासणी केली, दोन दिवस ठेवली, काळी पडली नाही. नायट्रेट ५१. अजून मर्यादेच्या वर, त्यामुळे पिण्यासाठी नळाचंच पाणी.

गावठी_अभियंता | ६ सप्टेंबर

एका पावसात ६२ चं ५१! जमिनीत आधीच मुरलेलं निघायला आणखी एक-दोन पावसाळे जातील. एका नमुन्यावर विसंबू नका, मे आणि ऑगस्ट असे दोन्ही घ्या. काकूंच्या विहिरीचं काय?

सड्यावरचा | ६ सप्टेंबर

काल त्यांच्याकडे गेलो होतो. बाटली त्यांनीच धुऊन ठेवली होती. मी म्हटलं, प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच लागते काकू, ती घेऊन येतो. सोमवारी दोन्ही विहिरींचे नमुने एकत्र देतोय.